प्रस्तावना : अढीतली ऊब

आंब्याची अढी घातली की चार-पाच दिवसांनी घरातले जाणते माणूस पेंढ्यात हात घालून पाहते. आत ऊब लागली की म्हणते, "लागले पिकायला." ही ऊब येते कुठून, हे सहसा कोणी विचारत नाही. पेंढा वाळलेला असतो, खोली बंद असते, चूल लांब असते. ऊब आंब्याचीच असते. झाडावरून उतरवलेले फळ मेलेले नसते. त्याच्या पेशी साठवलेले पिष्ट आणि साखर मोडत असतात, हवेतला ऑक्सिजन घेत असतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी बाहेर टाकत असतात. या उलाढालीत जी ऊर्जा कामी लागत नाही, ती उष्णता होऊन पेंढ्यात उतरते. पिकण्याच्या सुमारास आंब्याचे श्वसन एकदम चढते आणि मग ओसरते. केळी, सफरचंद यांचेही तसेच. नारायणगावची द्राक्षे मात्र वेलीवरून उतरल्यावर अशी चढत नाहीत, म्हणून आंबट घड घरी आणून पिकत घालण्यात अर्थ नसतो.

हे पुस्तक या उबेमागच्या व्यवहाराबद्दल आहे. श्वसन म्हटले की नाक, छाती आणि फुप्फुसे आठवतात. पण फुप्फुसे करतात ती नुसती ने-आण. खरे काम प्रत्येक पेशीत चालते आणि ते आंब्याला, बटाट्याला, दह्यातल्या जिवाणूंना आणि माणसाला सारखेच चुकलेले नाही. पेशी ऊर्जा निर्माण करत नाही. अन्नात असलेली ऊर्जा ती थोडीथोडी सोडवून घेते आणि हातोहात पुढे देते. हे 'थोडीथोडी' कसे जमते आणि ते सगळ्या सजीवांत जवळजवळ एकाच रीतीने का चालते, हे दोन प्रश्न पुढच्या प्रकरणांतून पुन्हापुन्हा येतील.

सुरुवात फ्रान्समधून होते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला हे मोजले आणि त्याने सोडलेल्या वायूशी त्याचा मेळ घातला. कोळसा जाळूनही तोच हिशेब केला. दोन्ही आकडे बरेच जवळ आले. तेव्हा श्वसन म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबर होता, पण अर्धा. १८० ग्रॅम ग्लुकोज जाळले तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा बाहेर पडते. ती एका झटक्यात सुटली तर पेशी भाजून निघेल आणि हाती काही लागणार नाही. ३७ अंश तापमानात, पाण्यात भिजलेल्या अवस्थेत, तेवढीच ऊर्जा कामाला लावायची तर 'संथ' हा शब्द पुरत नाही. त्यासाठी पायऱ्या लागतात.

त्या पायऱ्या शोधायला दीडशे वर्षे गेली. पहिल्या दहा पायऱ्या पेशीद्रव्यात होतात. सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे पडतात आणि निव्वळ दोन एटीपी हाती येतात. एटीपी हा रेणू १९२९ मध्ये सापडला. जर्मनीत कार्ल लोमन यांनी आणि अमेरिकेत सायरस फिस्क व भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्वतंत्रपणे वेगळा केला. स्नायू आकुंचन पावणे, मज्जातंतूतून संदेश जाणे, प्रथिने घडवणे अशा पेशीतल्या बहुतेक कामांना ऊर्जा पुरवतो तो हाच रेणू. शरीरात कोणत्याही क्षणी तो फार तर शे-दोनशे ग्रॅम असतो, पण दिवसभरात तो इतक्या वेळा मोडतो आणि पुन्हा जुळतो, की सगळी बेरीज माणसाच्या वजनाच्या घरात जाते.

पुढचा टप्पा तंतुकणिकेतला, म्हणजे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियातला. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये शेफील्डला कबुतराच्या छातीच्या स्नायूचा खिमा घेऊन एक चक्र मांडले. त्यात अन्नातला कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. 'नेचर'ने त्यांचे टिपण परत पाठवले होते. ते दुसऱ्या नियतकालिकात छापून आले आणि १९५३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुण्यात तळजाई टेकडीवर रोज सकाळी घाम गाळणाऱ्यांना हे चक्र एक गंमत सांगते. वजन उतरते तेव्हा चरबी घामातून जात नाही. १० किलो चरबी पूर्ण जळाली तर त्यातले सुमारे ८.४ किलो उच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड म्हणून जातात, उरलेल्याचे पाणी होते.

आणि ऑक्सिजन? तो या सगळ्यात अजून आलेलाच नाही. आपण घेतलेल्या ऑक्सिजनचाच उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड होतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसवलेल्या प्रथिनांच्या रांगेतून पुढे सरकतात. दर पायरीला त्यांची थोडी ऊर्जा सुटते. रांगेच्या अगदी शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो ते इलेक्ट्रॉन घेतो, हायड्रोजनला जोडून घेतो आणि पाणी होतो. त्याचे काम इतकेच, पण ते थांबले तर मागची अख्खी रांग तुंबते. सायनाइडने माणूस मिनिटांत जातो, कारण ते नेमके या शेवटच्या पायरीवरचे विकर बंद पाडते. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो. पेशीला तो वापरता येत नाही.

रांगेतून सुटलेल्या ऊर्जेचे एटीपी कसे होते, हे कोडे मात्र बरीच वर्षे सुटत नव्हते. ते समजून घ्यायला पुणेकराने मुळशी आठवावी. मुळेचे पाणी धरणात अडवले जाते आणि सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिऱ्याला सोडले जाते. पाणी म्हणजे वीज नव्हे. उंचावर साठून राहिल्यामुळे त्याच्या अंगी ती ताकद येते, आणि खाली येताना ते चक्र फिरवते. तंतुकणिकेत पाण्याच्या जागी प्रोटॉन असतात. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा वापरून प्रोटॉन पडद्याच्या एका बाजूला उपसून साठवले जातात. परत यायला त्यांना एकच मोठी वाट असते, एटीपी घडवणाऱ्या प्रथिनातून, आणि ते प्रथिन खरोखर गरगर फिरते. हा पडदा मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाहूनही पातळ असतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बहुतेक जाणकारांनी ती उडवून लावली. कॉर्नवॉलमधल्या जुन्या वाड्यात स्वतःची छोटी प्रयोगशाळा थाटून त्यांनी काम चालू ठेवले. १९७८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी ते फिरणे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले.

या रांगेतल्या एका पायरीशी एका मराठी बाईचे नाव जोडलेले आहे, आणि तिच्याबद्दल इथे सविस्तर लिहायला हवे.

कमला भागवत म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. मराठी वाचक त्यांना बहुधा दुर्गा भागवतांची धाकटी बहीण म्हणून ओळखतो. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, रसायनशास्त्र शिकलेले. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी आहे एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी अटींवर प्रवेश मिळाला. आधी वर्षभर काम पाहायचे, मग नियमित करायचे की नाही ते ठरवायचे. एम. श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केले आणि १९३६ मध्ये एम.एस्सी. झाल्या. त्यानंतर रामन यांनी मुलींसाठी संस्थेचे दार उघडले. त्या वर्षभराच्या अपमानाची बोच कमलाबाई पुढे जाहीरपणे बोलूनही दाखवत.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात, रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू केले. याच केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये सायटोक्रोम या लोहयुक्त रंगद्रव्यांचा छडा लावला होता. वर्णपटदर्शकातून जिवंत यीस्टकडे पाहिले की चार काळे पट्टे दिसत. हवा दिली की ते विरत, हवा तोडली की परत उमटत. श्वसनाची रांग अशी डोळ्यांना दिसली. केलिन यांना वनस्पतींतही या रंगद्रव्याच्या खुणा दिसल्या होत्या. पण वनस्पतींचे श्वसन खरोखर याच वाटेने चालते का, याबद्दल मतभेद होते.

मतभेदाचे कारण आपल्या विळीवर रोज दिसते. बटाटा चिरून ठेवला की काळा पडतो. त्यातले एक विकर ऑक्सिजन वापरून हा काळेपणा घडवते. बटाट्यात ते भरपूर असते, ऑक्सिजन ते झपाट्याने खाते, तेव्हा बटाट्याचे बरेचसे श्वसन तेच चालवत असणार, असे त्या काळी काही संशोधकांना वाटत होते. तसे असते तर प्राणी आणि वनस्पती यांच्या वाटा शेवटच्या टप्प्यावर वेगळ्या निघाल्या असत्या. कमलाबाईंनी बटाट्याच्या ऊतीत सायटोक्रोम सी असल्याचे दाखवले. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेऊन ते ऑक्सिजनला देणारे विकरही फुलझाडांत आहे, हे हिल आणि भागवत यांनी १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. बटाट्याची आणि माणसाची शेवटची पायरी एकच ठरली. अवघ्या चौदा महिन्यांत, चाळीस पानांच्या प्रबंधावर त्यांना केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ब्रिटिश विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात.

'सायटोक्रोम सी कमलाबाईंनी शोधला' असे सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही आणि त्यांना त्याची गरजही नाही. त्यांनी जे दाखवले ते जास्त मोलाचे आहे. एखादा पदार्थ पहिल्यांदा पाहण्यापेक्षा तो प्राणी आणि वनस्पती दोघांत समाईक आहे हे सिद्ध करणे अवघड असते. आज सायटोक्रोम सी हा उत्क्रांतीचा एक पुरावा म्हणून शिकवला जातो. माणूस आणि चिंपांझी यांच्या या प्रथिनात १०४ अमिनो आम्लांपैकी एकाचाही फरक नाही. ऱ्हीसस माकडात एकाचा आहे. यीस्टपर्यंत गेले तरी निम्म्याहून जास्त जागा जुळतात.

१९३९ मध्ये त्या भारतात परतल्या. दिल्ली आणि कुन्नूरनंतर लग्न होऊन मुंबईत आल्या, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या आणि पुढे तिथल्या संचालक झाल्या. नीरा, कडधान्ये, तांदळाचे पीठ अशा गरिबाच्या ताटातल्या पदार्थांच्या पोषणमूल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे काम करून घेतले. १९९८ मध्ये त्या गेल्या. त्यांचे केंब्रिजचे काम आणि मुंबईचे काम वेगवेगळे वाटते. पण अन्नातली ऊर्जा पेशीपर्यंत पोहोचते कशी आणि अडते कुठे, हाच धागा दोन्हींत दिसतो.

आता पुण्याकडे येऊ. रविवारी पहाटे सिंहगड चढणाऱ्यांच्या मांड्या अर्ध्या वाटेवर पेटतात. स्नायूला लागणारी ऊर्जा तेव्हा इतक्या घाईची असते, की तंतुकणिकांची रांग पुरी पडत नाही. मग पेशी पहिल्या दहा पायऱ्याच वेगाने चालवते, आणि त्या अडू नयेत म्हणून तिथे तयार झालेल्या तीन कार्बनच्या रेणूचे लॅक्टेट करते. एका ग्लुकोजमागे फक्त दोन एटीपी, पण लगेच. वर पोहोचल्यावर मडक्यातले दही समोर येते, त्याची आंबट चवही याच लॅक्टिक आम्लाची. दह्यातल्या जिवाणूंनी दुधातली साखर जवळजवळ त्याच वाटेने मोडलेली असते. मांडीतले लॅक्टेट टाकाऊही नसते. ते रक्तातून हृदयाकडे आणि यकृताकडे जाते आणि तिथे पुन्हा उपयोगात येते. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष लॅक्टेटला देतात, तोही चुकीचा. तोपर्यंत ते केव्हाच निघून गेलेले असते. दुखणे स्नायूंच्या बारीक इजांचे असते. आणि एक विरोधाभास. ऑक्सिजन घरोघर पोचवणाऱ्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतातच. त्या आयुष्यभर दोन एटीपीच्याच हिशेबावर जगतात.

शेतकऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवले नाही, पण त्याची गोदामे याच शास्त्रावर उभी आहेत. खेड, जुन्नर, शिरूर या भागांतली कांदा चाळ पाहावी. तळ जमिनीपासून उचललेला असतो, बाजूंना पट्ट्यांमध्ये फटी असतात, कांद्याचा थर फार उंच लावत नाहीत. चाळीतला कांदा श्वसन करत असतो. उष्णता आणि दमट वाफ बाहेर पडली नाही तर श्वसन आणखी चढते, मग कोंब फुटतात, सड लागते. आणि काही झाले नाही तरी वजन घटतेच, कारण कांदा स्वतःतला साठा खात असतो. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाने 'भीमा शक्ती'सारखे जास्त टिकणारे वाण दिले, त्यामागेही हीच चिंता आहे.

ज्वारीच्या पेवाचा, म्हणजे जमिनीखालच्या कोठाराचा, न्याय नेमका उलटा. तिथे हवा कोंडूनच ठेवायची. दाणे, बुरशी आणि किडे मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, कार्बन डायऑक्साइड साचतो, किडे मरतात आणि दाणा टिकतो. माणसाला मात्र तीच हवा जीवघेणी असते. म्हणून पेव उघडल्यावर बराच वेळ वारा खेळू दिल्याशिवाय आणि दिवा खाली सोडून पाहिल्याशिवाय जाणता माणूस आत उतरत नसे. एकच क्रिया चाळीत मंद ठेवायची आणि पेवात कोंडून मारायची. दोन्ही रीती वापरून सिद्ध झालेल्या.

शहरात हाच प्रश्न नदीकाठी येतो. सांडपाणी मुठेत मिसळले की त्यातला सेंद्रिय कचरा जिवाणूंना अन्न होतो. ते श्वसन करून पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात, मग मासे मरतात. आंघोळीयोग्य पाण्यासाठी जैविक ऑक्सिजन मागणी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत हवी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. तो आकडा म्हणजे जिवाणूंच्या भुकेचे मोजमाप. ऑक्सिजन संपल्यावरही सगळेच जिवाणू मरत नाहीत. काही जण इलेक्ट्रॉन शेवटी सल्फेटच्या हवाली करतात आणि काळ्या गाळातून सडक्या अंड्यांचा वास सुटतो. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात मोठाले पंखे टाकीत हवा का घुसळतात, याचे उत्तरही त्यातच आहे. नदीत जे श्वसन मासे मारते, तेच टाकीत, हवा पुरवून, आधी उरकून घेतले जाते.

आणि शेवटी माणसाचे अंग. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातर्फे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास सुरू केला. आपली बाळे युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाला कमी भरतात, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने कमी नसते, हे त्यातून पुढे आले. बऱ्याच आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. काही अमिनो आम्ले आणि काही मेदाम्ले क्रेब्ज चक्रात शिरतात ती वाट बी-१२ वाचून अडते. एका जीवनसत्त्वामुळे एवढा पल्ला कसा गाठला जातो, याचा शोध चालू आहे. सहाव्या प्रकरणात तो आजवर जिथे पोचला तिथपर्यंत मांडला आहे.

पुस्तकाचा क्रम असा. पहिली दोन प्रकरणे साखर मोडण्याची, पुढची दोन क्रेब्ज चक्र आणि इलेक्ट्रॉनांच्या रांगेची, पाचवे एटीपीच्या हिशेबाचे, सहावे आजार आणि आहाराचे, सातवे शेत, गोदाम आणि नदीचे. रसायनाची सूत्रे टाळता येतील तिथे टाळली आहेत. जिथे ती टाळली तर गोष्टच कळणार नाही, तिथे ठेवली आहेत. सातवे प्रकरण आधी वाचले तरी चालेल, पाचवे मात्र चौथ्याच्या आधी वाचू नये.

पाचव्याबद्दल एक सूचना. एका ग्लुकोजपासून ३६ किंवा ३८ एटीपी मिळतात, असे बऱ्याच पाठ्यपुस्तकांत असते. रांगेतल्या प्रत्येक टप्प्याला पूर्णांकात एटीपी मिळतो असे धरून तो आकडा काढलेला होता. मिचेल यांच्यानंतर हिशेब प्रोटॉनांचा झाला. त्यातले काही पडद्यातून झिरपतात, काही ने-आणीत खर्ची पडतात, आणि बेरीज अपूर्णांकात येते. आज ती ३० ते ३२ च्या आसपास धरतात. विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकातलाच आकडा लिहावा, गुण त्यालाच मिळतात. कच्च्या कामाच्या पानावर मात्र ३० का येतात हे एकदा मांडून पाहावे. लागणारे सगळे आकडे त्या प्रकरणात दिले आहेत.